भिंत पाडायचा महिना

॥ श्री ॥
औरंगाबाद, ता. ८ जून १९९६

तीर्थरूप कडूबादादास,
तुझ्या धाकट्या बहिणीचा, सारजाचा, पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि. इकडं सगळी खुशाली हाय असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. पुढचं वाचशील तवा कळंल.

आवडा चौदा महिन्याची झाली. धरून धरून चालायली. काय धरून चालती ते सांगायलाच हे पत्र.

दादा, तू गवंडी हाईस म्हणून तुला इचारते. भिंत पडायच्या आधी काही सांगती का?

आमची कडेची भिंत तू बघितलेली हाय. सिमेंटच्या ब्लॉकची, मामंजींनी पंधरा वर्षाखाली घातलेली. घर आणि भिंत ह्याच्या मधी चार फुटाचा बोळ. नळ त्या बोळात, मोरी त्या बोळात, संडासला जायचं त्याच बोळातून, आणि माझ्या सैपाकघराचं दार बी तिथंच उघडतं. माझा सगळा दिस त्या बोळात जातो. आता ती भिंत आमच्याकडं कलली. मधी पोट आलंय तिला, मला सातव्या महिन्यात व्हतं तसं. वरच्या अंगाला चीर पडलीय, करंगळी जाती तिच्यात. भांडे घासायला बसले की भिंत पाठीशी येती आणि माझे हात चालत नायत. आवडाला तर तीच भिंत लागती धरायला. मी वरडते, ती हासती.

ह्यांना सांगितलं तर म्हणतेत पाऊस उघडू दे. पाऊस अजून आला बी नाय. आत्याबाई म्हणल्या, तुझ्या माहेरी काट्याचं कुंपण, भिंत कधी बघितली नाय म्हणून तुला भिंतीचं भ्या वाटतं. ह्यांनी हासून घेतलं. आईचं सगळं ऐकायचं असं ठरलंय त्यांचं.

खरी गोष्ट येगळी हाय. पलीकडं गयासभाई आणि वहिदा राहतेत. चार वर्षापासून बोलणं बंद. गयासभाईचं म्हणणं, मामंजींनी भिंत दोन फूट त्यांच्या जागेत घातली. इथले सगळे प्लॉट बाँडवर घेतलेले, सरकारी कागदावर कुणाचंच नाव नाय. म्हणून आत्याबाई म्हणतेत, भिंत हाय तवर जागा हाय. भिंत पाडली की तो फीता घेऊन उभा राहील.

माय असती तर तिच्यापाशी येऊन राहिले असते. आता तूच हाईस. भिंत कवा पाडायला पाहिजे तेवढं लिही. वहिनीला नमस्कार, पोरांना मुके. हाय तेवढा लोभ राहू दे, कमी करू नको.
तुझी
सारजा


बिडकीन, ता. २० जून १९९६

चि. सौ. सारजास कडूबाचे पोटभर आशीर्वाद. पत्र पावलं. इथं स्लॅबचं काम चालू हाय, उशीर झाला.

भिंत सांगती. दोऱ्याला दगड बांध आणि वरच्या ब्लॉकपासून खाली सोड. बुडाशी दोरा आणि भिंत ह्यांच्यात किती बोटं बसतेत ते बघ. ब्लॉक सहा इंची हाय. दोन बोटं बसली तर नजर ठेवायची. तीन बसली की थांबायचं नाय, पाडायची. चिरेवर काचेचा तुकडा सिमेंटात आडवा बसव. काच तडकली म्हणजे भिंत अजून हालायली.

जावई बद्रीनाथरावांना आणि तुझ्या सासूला, मनकर्णाबाईंना सांग, दोन फुटापायी लेकराचा जीव टांगू नका. भिंत पाडा. कार्डावरची जागा संपली. सगळ्यांना रामराम, तुला आशीर्वाद.
कडूबा


औरंगाबाद, ता. २७ जून १९९६

तीर्थरूप दादास, सारजाचा नमस्कार. आता कानाला खडा लाव. पुन्हा उघडं कार्ड धाडू नको.

अरे दादा, धोंड्याचा महिना लागलाय ते तुझ्या ध्यानात नाय का? तीन वर्षातून एकदा येतो. पहिल्या दिवसापासून ह्या घरात तुझ्या आवतणाची वाट बघणं चालू व्हतं. पोस्टमन कार्ड घेऊन आला तर ह्यांनी हात धुतले, बाजेवर मांडी घालून बसले आणि आत्याबाईंना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायला लागले. आत्याबाई इळी बाजूला ठेवून बसल्या. मला वाटलं तू धोंडे खायला बोलवलं असशील, मी बी हासत दारात उभी राहिले. आणि ह्यांनी वाचलं काय तर दोन फुटापायी लेकराचा जीव टांगू नका.

तिथंच थांबले. मग राहिलेलं मनातल्या मनात वाचलं आणि कार्ड माझ्यापुढं टाकलं. आत्याबाई म्हणल्या, वा रे मेव्हणा, जावयाला अनारसे द्यायचे सोडून भिंत पाडा म्हणतोय, आता ब्लॉकच तळून खायचे का. तवापासून हे माझ्याशी लागतं तेवढंच बोलतेत. दादा, आधी ती नुसती भिंत व्हती. आता ती तुझी आणि ह्यांची झाली. पाडली तर तुझं ऐकल्यासारखं व्हतं म्हणून पाडायची नाय.

आत्याबाईंनी मला महिने बी सांगितले. धोंड्याच्या महिन्यात बांधकामाला हात लावत नायत. मग आखाड. मग श्रावणात सणवार. मग गणपती, मग पित्रपाठ. मी बोटावर मोजत गेले. बारा महिन्यात भिंत पाडायला एक बी महिना नाय.

आणखी एक सांगितलं, ते मला रात्रंदिस छळतंय. आवडा झाली तवाची तिची वार त्या भिंतीच्या बुडाशी पुरलीय. तिथंच न्हाणीचा खड्डा व्हता, सव्वा महिना माझी आणि तिची अंघोळ त्याच्यावरच, पाचवीला सटवाई बी तिथंच पुजली. आत्याबाई म्हणतेत पाया उकरला तर लेकराला बाधतं. तू हासशील. मी चौथी शिकलेली, मला हासू येत नाय. भिंत ठेवली तरी आवडा, पाडली तरी आवडा. मी कुठं जाऊ?

आत्याबाई दुपारी देवळात पोथीला गेल्या तवा दोरा सोडला. दोन बोटं बसली, घट्ट. मोरीला आणलेलं मूठभर सिमेंट उरलं व्हतं, त्यात फुटक्या आरशाचा तुकडा चिरेवर बसवलाय. आत्याबाईंनी इचारलं तर मी म्हणाले, कुंकू लावायला बसवला. त्या म्हणल्या, बाईचा नखरा बघा, मोरीवर आरसा.

आधी धोंड्याचं आवतण धाड. लोभ तर हायच, थोडी अक्कल बी लाव.
तुझी
सारजा


बिडकीन, ता. १४ जुलै १९९६

चि. सौ. सारजास आशीर्वाद. ह्या खेपेला चिकटवलेलं पत्र धाडतोय, बघ.

माझी चूक झाली. घरात माय नसली की असले महिने कुणी ध्यानात आणून देत नाय. तुझ्या वहिनीनं मला दोन दिस जेवताना ऐकवलं. गुरुवारी बद्रीनाथराव येऊन गेले ते तुला मालूम हाय. तू नाय आलीस म्हणून पोरं रुसली. मनकर्णाबाईंनी निरोप धाडला व्हता की घरी पाणी भरायला कुणी तरी पाहिजे. बरं. पुरणाचे धोंडे केले, तेहतीस अनारसे वाण दिले, टॉवेल-टोपी केली. माणूस खूष झाला. चार धोंडे खाल्ल्यावर तुझं नाव घेऊन हासला बी.

जेवण झाल्यावर मी भिंतीचं काढलं. रागावले नायत. सुपारी कातरायला घेतली. मग म्हणले की बाप मरताना सांगून गेला, ही हद्द हालू देऊ नको, आणि ते आईच्या समोर सांगून गेला. आता आई रोज त्यांच्या तोंडाकडं बघती. कंपनीत साहेबाशी भांडतो, म्हणले, पण घरात हे एक जमत नाय. मग म्हणले, बघू. मला त्यांचा राग आला व्हता तो निम्मा गेला. निम्मा हाय.

सारजे, एक सांग. नीट बघून लिही. भिंतीला पोट कुठं आलंय? नळाकडं, का न्हाणीचा खड्डा व्हता तिकडं? मला हे कळायला पाहिजे.

वहिनीनं तुझ्यासाठी बाजरीच्या खारोड्या धाडल्यात, बद्रीनाथरावांच्या पिशवीत तळाला हायेत. आत्याबाईंच्या आधी तू काढ. मया करणारा,
कडूबा


औरंगाबाद, ता. २६ जुलै १९९६

तीर्थरूप दादास सारजाचा नमस्कार. खारोड्या आत्याबाईंनीच काढल्या. चांगल्या झाल्यात म्हणल्या, तेवढं वहिनीला सांग.

न्हाणीकडं. बरोबर न्हाणीच्या खड्ड्याच्या वर पोट हाय. तू काहून इचारलंस?

सहा दिस पाऊस चालू हाय. सोमवारी आरसा तडकला, मधोमध. आज दोरा सोडला तर तीन बोटं सहज बसली. मी हात काढून पुन्हा घातला, पुन्हा तीनच. मग कालवण करपलं तरी मला वास आला नाय.

दादा, मी आवडाला बांधून ठेवते. जुन्या लुगड्याची दोरी करून बाजेच्या पायाला, म्होरल्या खोलीत. ती बोळाकडं येऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी रडली, आता रडत बी नाय. दोरी पुरती तिथवर येती आणि उभी राहून माझ्याकडं बघती. मी बोळात, ती दोरीला. चालायला शिकलेलं लेकरू मी बसवून ठेवलंय. ह्यांना दाखवलं तर म्हणले, हे बरं केलंस. बरं केलं म्हणतेत! मी म्हणाले भांडे घासायला मला बी जायला लागतं, मला कुठं बांधता? ते डबा घेऊन कंपनीत गेले.

एका ब्लॉकचा कोपरा निखळून भोक पडलंय. त्याच्यातून वहिदा दिसती. काल तिनंच आधी बोलायला सुरुवात केली. म्हणली, बाई, मी माझी शेळी बी ह्या भिंतीपासून लांब बांधते, आणि तू रोज तिच्याखाली बसतीस. गयासभाई म्हणतेत आपून हात लावायचा नाय, आपोआप पडू दे, मग मोजू. वहिदा त्यांना म्हणली म्हणे, तिच्याखाली बाई सापडली तर तिला बी मोजशील का. आम्ही दोघी हासलो. मग मला लई रडू आलं.

तू म्हणशील निघून ये. मी पंचमीला येऊ का म्हणून इचारलं. आत्याबाई म्हणल्या, जायचं तर जा, पोरगी इथं राहील. मग मी इचारणं सोडलं.

लवकर लिही. तुझ्या पत्राची वाट बघणारी,
सारजा


बिडकीन, ता. १ ऑगस्ट १९९६

चि. सौ. सारजास आशीर्वाद. हे पत्र एकटी वाच.

न्हाणीचा खड्डा मी खांदला. तुला मालूम नाय, तू आत कळा देत व्हतीस. मी खसखस-खोबरं घेऊन आलो व्हतो. बद्रीनाथराव पाळीवर, दाई खड्डा पाहिजे म्हणून ओरडायली. मनकर्णाबाई म्हणल्या, तू गवंडी हाईस, खांद की, भिंतीच्या आडोशाला खांद, बाईमाणसाची अंघोळ हाय. मी खांदला. मामा व्हायच्या आनंदात गुडघाभर खांदला. टिकाव भिंतीच्या पायाखालच्या मुरमाला लागला ते मला कळलं व्हतं. दुसऱ्याच्या घरी मी कामगारांना ह्याच्यासाठी शिव्या देतो. तिथं म्हणलं, जाऊ दे, सव्वा महिन्याचं तर काम. मग घंगाळंच्या घंगाळं पाणी त्या खड्ड्यात गेलं आणि पुढं मोरीचं बी तिकडंच जिरत राहिलं. भिंत मामंजींनी वाईट बांधली नव्हती. ती मी पोकळ केली.

पुरलेल्या वारेचं भ्या धरू नको. तिची माती झाली. पाया उकरायची गरज बी नाय.

मी रविवारी, अकरा तारखेला येतो. बोलवलं नाय तरी येतो. काम कसं करायचं ते मनकर्णाबाईंच्या समोर सांगन. भिंत तुमच्याकडं कललीय, म्हणून तुमच्या बोळात उभं राहून तिला हात लावायचा नाय. गयासभाईच्या अंगानं, वरून एकेक ब्लॉक उतरवायचा. बुडाचे दोन थर जागच्या जागी ठेवायचे. तीच हद्दीची खूण. मग कुणाची जागा जात नाय, कुणाला मिळत नाय, तुमची तकरार हाय तशी शिल्लक. फकत मरणार कुणी नाय.

तवर बोळात बसू नको. भांडे म्होरल्या दारात घास, कुणी काही म्हणू दे. माझी वाट बघ. तुझा गुन्हेगार भाऊ,
कडूबा


औरंगाबाद, ता. ८ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप दादास सारजाचा नमस्कार. आम्ही सगळे धड हाओत. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

तुझ्या खड्ड्याचं वाचलं. राग आला व्हता, एक दिस राहिला. तू खांदला नसतास तर कुणी तरी खांदलाच असता, तिथंच, आडोशाला.

रविवारपर्यंत मला थांबवलं नाय. मंगळवारी चार बोटं बसली. आखाडातला मंगळवार, आत्याबाई मरीआईला निवद घेऊन गेलेल्या. हे पहिल्या पाळीला. मी आवडाची दोरी सोडली, तिला काखेत घेतलं, घराला कडी लावली आणि गल्लीला वळसा घालून गयासभाईच्या दारात गेले. चार वर्षात त्या गल्लीत पाय नव्हता टाकला.

गयासभाईनं इचारलं, सासूनं धाडलं का? मी म्हणाले, नाय. नवऱ्यानं? नाय. मग कुणाच्या सांगण्यावरून? मी म्हणाले, माझ्या. तुझं पत्र वाचून दाखवलं, दोन थराचं. ते म्हणले, मी हात लावला तर उद्या तुझीच माणसं म्हणतील गयासनं जागा लाटायला भिंत पाडली. वहिदा म्हणली, चार वर्षं दोन फूट दोन फूट करून माझं डोकं खाल्लं, आता दोन हात हालव. पण त्यांचं बी खोटं नव्हतं. मग मी कागद मागितला आणि लिहून दिलं, भिंत माझ्या सांगण्यावरून उतरवली, बुडाचे दोन थर ठेवले, हद्द कुणी हालवली नाय. खाली सही केली. सहीत ह्यांचं नाव लिहावं लागलं. कागदावर ह्यांचं नाव मी पहिल्यांदाच लिहिलं.

आवडा आणि मी वहिदाच्या ओसरीत. गयासभाई स्टुलावर चढले, वहिदा खालून ब्लॉक घ्यायची. तीन थर उतरले. चौथ्याला हात घातला आणि मधलं सगळं पोट एकदम आमच्या बोळात बसलं. आवाज मोठा नाय झाला. धूळ खाली आली तर माझ्या सैपाकघराचा उंबरा ब्लॉकांनी भरलेला, नळ वाकलेला, भांडे घासायची जागा दिसतच नव्हती.

मला वाटलं, आता तरी कळंल सगळ्यांना. कसलं कळतंय. आत्याबाई आल्या, आधी न्हाणीच्या जागेवरचे ब्लॉक सारून हळद-कुंकू वाहिलं, आवडाला पोटाशी धरलं, आणि मग म्हणल्या, पंधरा वर्षं उभी व्हती, तुम्ही हालवली म्हणून पडली. हे आले, ब्लॉक उचलायला लागले. उंबऱ्यातला शेवटचा उचलल्यावर त्यांनी भांडे घासायची जागा हातानं झाडून काढली. तरी मला इचारलं तर एवढंच, की कुणाला इचारून केलंस. दादा, आता मला बी सांगता येत नाय. ती पडणारच व्हती, का आम्ही पाडली? हे कुणालाच कधी कळायचं नाय. ह्या घरात आता मी भिंत पाडलेली बाई हाय, मरंपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी बाज उचलून त्या दोन थराला लावून टाकली आणि वर जाऊन बसल्या, छत्री घेऊन. कब्जा. तर पलीकडं गयासभाईनं खुर्ची आणून टाकली. दोघं दिवसभर एकमेकांकडं पाठ करून बसतेत. पाऊस आला तरी आधी कोण उठतं ते बघतेत. वहिदा चहा करती तवा थराच्या ह्या अंगाला एक कप ठेवून जाती. आत्याबाई शिवत नायत. आज मात्र कप रिकामा व्हता, आवडानं सांडला असं त्या म्हणल्या.

आवडा दोरीला नाय. बाजेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाती, सोडून देती, चार पावलं एकटी टाकती. मी भांडे घासताना वर बघते तर वहिदाच्या मागं एक लिंबाचं झाड हाय. लग्न होऊन आले तवापासून ते तिथंच असणार.

आता हे आणि आत्याबाई दोघं एकाच गोष्टीला लागलेत. कडूबाला लिही, रविवारी यायला सांग, सांजच्याला भिंत उभी पाहिजे, व्हती तेवढीच उंच. महिना कुठला ते आता कुणी इचारत नाय. म्हणून हे पत्र पोस्टमनच्या हातात देते, शनिवारी तुला मिळंल. दादा, रविवारी येऊ नको. बांधायची तर हायच, मला मालूम हाय. पण इतक्यात नको. ते रोज इचारतील, कडूबा कवा येणार. मी सांगन, काय करावं बाई, अजून त्याचं उत्तर नाय.

वहिनीला नमस्कार, पोरांना मुके. लोभ दुरूनच असू दे, मी बोलवंपर्यंत.
तुझी
सारजा